नटाचा पुरस्कार: डेन्मार्कची रीत आणि आमची जत्रा

वेंगुर्ल्याचा मास्तर:

नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात मी राहतो. शाळेतून निवृत्त होऊन मला आता नऊ वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतील एका गृहस्थांचे निधन झाले. बत्तीस वर्षे ते परदेशी आगबोटींवर नोकरीला होते, आणि सुट्टी घेऊन गावी आले की घरात कमी आणि दशावतारी नाटकासमोर जास्त दिसत. त्यांच्या मुलाने आता पाच लाख रुपये बाजूला काढले आहेत. त्या रकमेच्या व्याजातून दरवर्षी एका दशावतारी नटाचा वडिलांच्या नावे सन्मान व्हावा, असे त्याने गावाला कळवले आहे.

हा विचार त्याला कुठून सुचला तेही सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघालेला आहे. त्याचे वडील काही वर्षे डॅनिश मालकीच्या जहाजांवर होते, आणि डेन्मार्कमध्ये एका जहाजमालक घराण्याच्या निधीतून रंगभूमीवरील व चित्रपटातील नटनट्यांना दरवर्षी पुरस्कार दिला जातो, ही गोष्ट ते घरी अनेकदा सांगत. जहाजवाल्यांनी नटांना मान द्यावा, याचे त्यांना फार अप्रूप होते. मुलाचे म्हणणे असे की, तिकडे होते तर इकडे का होऊ नये.

परवा देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. ती तीन तास चालली आणि काहीही ठरले नाही. कोणी म्हणाले, नटांकडून अर्ज मागवावेत. कोणी म्हणाले, हल्ली सर्वांकडे मोबाइल आहे, लोकांचीच मते घ्यावीत. गावच्या मानकऱ्यांचे म्हणणे अर्थातच असे पडले की देवासमोर नाटक होते, तर निवडही देवाच्या मानकऱ्यांनीच करावी. शेवटी मी इतकेच सुचवले की ज्यांची रीत आपण घेऊ पाहतो त्यांची रीत नेमकी काय आहे ते आधी समजून घेऊ, आणि ते काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले.

तर जाणकारांनी कृपया सांगावे. हे जहाजमालक घराणे कोणते? जहाजांचा आणि नाटकाचा त्यांच्याकडे संबंध कसा आला? तिथे नटांना मिळणारे असे आणखी पुरस्कार आहेत का, ते कोण ठरवते, आणि पैसे देणाऱ्याने निवडीत बसावे की बसू नये? शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण मुलगा सज्जन असला तरी त्याच्या मामाचा एका दशावतारी मंडळावर विशेष लोभ आहे, आणि ही गोष्ट साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे.


हर्णैचा चीफ:

मास्तर, मी इंजिन रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. नाटकातले मला बेताचेच कळते. पण तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर मला थोडे सांगता येईल.

तुम्ही ऐकलेले घराणे लाउरित्सन यांचे. पुरस्कारही त्याच नावाने ओळखला जातो, आणि एका अभिनेत्रीला व एका अभिनेत्याला त्यातून गौरवले जाते. हे लोक मूळचे एस्ब्येर्गचे. हे बंदर डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, उत्तर समुद्राच्या तोंडावर आहे. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे दक्षिणेकडचे प्रांत गमावले. त्यानंतर इंग्लंडला शेतमाल पाठवण्यासाठी पश्चिमेला स्वतःचे बंदर हवे म्हणून १८६८ मध्ये ते बांधायचे ठरले. तोवर तिथे वाळू, वारा आणि मोजकी घरे होती. त्या नव्या बंदरात १८८४ मध्ये दित्लेव लाउरित्सन यांनी लाकडाचा व्यापार सुरू केला आणि थोड्याच वर्षांत ते आगबोटींकडे वळले. त्यांची जहाजे दुरूनही ओळखू येत, कारण सगळा सांगाडा लालभडक रंगवलेला असे. फळे आणि मांस थंड ठेवून नेणारी जहाजे, ज्यांना आम्ही रीफर म्हणतो, ती या कंपनीची खासियत; आणि बर्फातून वाट काढणारी त्यांची जहाजे १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमांना भाड्याने जात. मी स्वतः त्या कंपनीत नव्हतो. पण बेल्जियमच्या धक्क्यावर आमच्या शेजारी त्यांचे एक लाल जहाज केळी उतरवत उभे असताना मी अर्धा दिवस ते नुसते पाहत बसलो होतो, इतके ते स्वच्छ होते.

आता जहाजांतून नाटकाकडे पैसा कसा गेला ते सांगतो, कारण तुमच्या कामाचा भाग हाच आहे. १९४५ मध्ये या घराण्यातील पुढच्या पिढीच्या भावंडांनी एक निधी स्थापन केला. डेन्मार्कमध्ये हा प्रकार नवा नव्हता. कार्ल्सबर्ग बिअरच्या मालकाने १८७६ मध्ये विज्ञानाच्या संशोधनासाठी असाच निधी काढला होता, आणि पुढे त्याची दारूभट्टीच त्या निधीच्या मालकीची झाली. अशा निधीचे वैशिष्ट्य असे की तो कोणाच्याच मालकीचा नसतो. उलट तोच कंपनीचा मालक असतो. कंपनीने नफा मिळवायचा, आणि निधीने तो ठरलेल्या कामांसाठी वाटायचा. एकदा घातलेला पैसा दात्याच्या खिशात परत येत नाही. मुलगा, नातू, जावई, कोणालाही तो मागे घेता येत नाही. कारभारावर सरकारची देखरेख असते. लाउरित्सन यांचा निधी आज सामाजिक कामांसाठी पैसा देतो, आणि नटांचा गौरव हा त्यातलाच एक भाग.

तेव्हा मास्तर, तुमच्या बैठकीत पहिला ठराव नटाविषयी नको. पाच लाखांची मालकी आता कोणाची, एवढे आधी कागदावर आणा. बँकेतली ठेव मुलाच्या नावे राहिली आणि दरवर्षी तो व्याज आणून देऊ लागला, तर तो तालुक्यातला आणखी एक देणगीदार झाला, एवढेच. पुढे घरात भाऊबंदकी झाली, किंवा मुलगा मुंबईला स्थायिक झाला, की पुरस्कार बंद. ठेव एखाद्या न्यासाच्या नावे गेली, तरच मामांना हळूच बाजूला बसवता येईल.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून सांगतो. कोपनहेगनला जहाज चार दिवस थांबले होते तेव्हा मी काँगन्स न्यूटॉर्व या चौकात गेलो होतो. तिथे त्यांचे राजेशाही नाटकगृह आहे. संस्था १७४८ ची, आताची इमारत १८७४ ची. दारापाशी दोन्ही बाजूंना पुतळे आहेत, आणि ते राजांचे किंवा सेनापतींचे नाहीत, नाटककारांचे आहेत. आत रंगमंचाच्या वर एक वाक्य कोरलेले आहे; आमच्या डॅनिश सेकंड इंजिनिअरने त्याचा अर्थ ‘केवळ करमणुकीसाठी नव्हे’ असा सांगितला. नवे नाटकगृह २००८ मध्ये उघडले, ते तर थेट बंदराच्या पाण्याला लागून आहे. नाटकाचा पडदा आणि बोटीचा भोंगा एकमेकांच्या इतक्या जवळ मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आमच्याकडे खाडीकाठच्या देवळात जत्रा असते तेवढीच काय ती.


नेपथ्य (रत्नागिरी):

चीफसाहेबांनी पैशाची बाजू उलगडली आहे, तेव्हा मी निवडीकडे येतो. मी महाविद्यालयात नाट्यशास्त्र शिकवतो आणि हौशी राज्य नाट्य स्पर्धेचे काही हंगाम परीक्षक म्हणून बसलेलो आहे. त्या बसण्याने पाठ कशी धरते, हे मला चांगले माहीत आहे.

डेन्मार्कमध्ये नटांना मिळणारे मान बरेच आहेत, आणि त्यातले चार तरी समजून घेण्यासारखे आहेत. सर्वांत जुना बोदिल. तो १९४८ पासून दिला जातो, चित्रपटांसाठी असतो, आणि तो देणारे आहेत चित्रपट समीक्षक. नाव मोठे गमतीचे आहे. त्या काळी बोदिल नावाच्या दोन थोर अभिनेत्री होत्या, बोदिल इप्सन आणि बोदिल केर. दोघींमध्ये जवळजवळ एका पिढीचे अंतर. एक १८८९ ची, दुसरी १९१७ ची. थोरली तर चित्रपटांचे दिग्दर्शनही करीत असे, आणि तिने सहदिग्दर्शित केलेल्या एका चित्रपटाला १९४६ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला होता. दोघींपैकी एकीचे आडनाव घेतले असते तर दुसरीचा मान गेला असता, म्हणून दोघींना समाईक असलेले पहिले नाव घेतले, आणि चिनी मातीची एक स्त्रीमूर्ती करून तिलाही तेच नाव दिले. नट सहज सांगतात, मला बोदिल मिळाली. दोघीही तेव्हा हयात होत्या आणि काम करीत होत्या, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडे माणूस गेल्याशिवाय त्याचे नाव कशाला द्यायचे नाही, असा एक अलिखित दंडक आहे.

१९८४ मध्ये डॅनिश चित्रपट अकादमीने रॉबर्ट हा दुसरा पुरस्कार सुरू केला. हे नाव मूर्ती घडवणाऱ्या शिल्पकाराचे, रॉबर्ट याकोबसन यांचे. इथे मत देतात ते अकादमीचे सभासद, म्हणजे चित्रपटाच्याच धंद्यातली माणसे. त्यामुळे एकाच वर्षीच्या त्याच चित्रपटांकडे दोन वेगवेगळे डोळे पाहतात. समीक्षकाला एक भूमिका आवडते, आणि सोबत काम करणाऱ्याला ठाऊक असते की त्या दुसऱ्या, कमी चमकलेल्या भूमिकेत खरी मेहनत कुठे होती. निकाल कधी जुळतात, कधी नाही, आणि जुळले नाहीत म्हणून कोणी कोणाला खोटे ठरवत नाही.

तुमच्या कामाचा सर्वांत जवळचा नमुना मात्र तिसरा, रॉयमर्ट. हा १९९८ पासून दिला जाऊ लागला आणि तो निव्वळ रंगभूमीसाठी आहे. पौल रॉयमर्ट (१८८३–१९६८) हे त्यांच्या रंगभूमीवरील सर्वांत मोठ्या नटांपैकी एक होते. इतके की पॅरिसला जाऊन त्यांनी मोलिएरच्या नाटकात फ्रेंच प्रेक्षकांसमोर फ्रेंच भाषेतच भूमिका केली. पुरस्कार सुरू करणारा निधी बिकूबेन नावाचा. या शब्दाचा अर्थ मधमाश्यांचे पोळे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या एका बचत बँकेचे ते नाव होते आणि निधी त्या परंपरेतला. इथे निवड एक नेमलेले परीक्षक मंडळ करते. गौरव केवळ नायक-नायिकेचा होत नाही. दुय्यम भूमिका, नेपथ्य, नृत्य, ऑपेरा, बालनाट्य, यांनाही स्वतंत्र मान आहे. डेन्मार्कमध्ये बालनाट्याला लहान मुलांचा खेळ समजत नाहीत. त्याचा एक मोठा महोत्सव दर वर्षी एप्रिलच्या सुमारास निरनिराळ्या गावी भरतो.

समीक्षक, सहकारी, परीक्षक मंडळ आणि, लाउरित्सन पुरस्कारामागे असतो तसा, दात्याचा स्वतःचा निधी असे हे चार डोळे. मला यातून जे दिसते ते असे. चित्रपट डबीत राहतो, तो नंतरही पाहता येतो. नाटक पाहायला परीक्षकाला त्या रात्री त्या जागी असावेच लागते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनखेरीज ऑर्हुस, ओदेन्से आणि ऑल्बॉर येथे मोठी नाटकगृहे आहेत, शिवाय नगरपालिका आणि सरकार मिळून चालवतात अशी छोटी रंगमंडळे गावोगावी आहेत. राजधानीतच बसून नाटके पाहिली तर तो देशाचा पुरस्कार कसा होणार? तुमच्याकडे हीच अडचण जत्रांची आहे.

आणखी एक विचार. आकाराचा धाक बाळगू नये. त्या साऱ्या देशाची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे, आणि २०११ च्या जनगणनेत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे मिळून ५१ लाखांच्या जवळ जातात. म्हणजे आपला किनारा एवढाही लहान नाही. लहानपणाचा तोटा असलाच तर एवढाच की सगळे सगळ्यांना ओळखतात. परीक्षकाची बायको नटाची मावसबहीण निघते. तो तोटा त्यांनाही असणार, आपल्यालाही आहे.

अर्ज मागवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांच्याकडे ओदेन्सेच्या एका कारखानदाराने आपल्या पत्नीच्या, तागेआ ब्रांट हिच्या नावे स्त्रियांसाठी प्रवासवृत्ती ठेवली आहे; १९२४ पासून ती शास्त्र, साहित्य आणि कला या क्षेत्रांतील स्त्रियांना मिळते, आणि तिच्यासाठी अर्ज करताच येत नाही. एक दिवस पत्र येते. ज्या नटाने आयुष्यभर राजाचा मुकुट घालून संवाद म्हटले, त्याला फोटो, आधार कार्डाची प्रत आणि दोन शिफारसपत्रे जोडायला लावू नका.


पायपेटी:

मी कुडाळ तालुक्यातला. गेली एकवीस वर्षे दशावतारी मंडळात पेटी वाजवतो. लिहिण्याची सवय नाही, चूकभूल माफ असावी. वरची माहिती दोनदा वाचली. आवडली. पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्याला भूमिका म्हणता ती आमच्याकडे लिहिलेली नसते. आख्यान ठरते, कोण काय करणार हे ठरते, आणि बाकीचे सगळे रंगमंचावर जुळून येते. राजपार्टी नट आज जे दहा मिनिटांचे भाषण करील तेच उद्या दुसऱ्या गावी करील असे नाही. समोर स्त्रीपार्टी कसा उत्तर देतो यावर ते असते. म्हणजे एका नटाचे कौतुक करताना त्याला वाक्य पुरवणाऱ्या दुसऱ्याचे काय, हा प्रश्न आहे. तिकडे तयार संहितेवर नट उभा राहत असेल, त्यामुळे एकट्याला मोजणे सोपे. आमच्याकडे दोघे मिळून एक नाटक विणतात. शिवाय पेटी आणि पखवाज नसेल तर राजाचा प्रवेशच होत नाही. हे मी माझ्यासाठी सांगत नाही, पण सांगतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पालखी, दीपमाळ, सगळे आटोपून आमचे नाटक उभे राहते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. पहिला भाग गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी आणि संकासुर नावाचा राक्षस यांचा, ज्याला आम्ही आडदशावतार म्हणतो. मग आख्यान. खरा रंग पहाटे तीन ते पाच या वेळेत येतो, आणि तेव्हा पाहुणे घरी गेलेले असतात. आजवर जे जे परीक्षक म्हणून आले त्यातले निम्मे दीड वाजता उठून गेले. त्यांनी पाहिलेल्या भागात ज्या नटाचे काम होते त्याचेच नाव त्यांच्या वहीत. संकासुर करणाऱ्याला मी आजवर कुठे मान मिळालेला पाहिला नाही, आणि पोरांना सर्वांत जास्त तोच आठवतो.

तिसरी गोष्ट. रत्नागिरीच्या सरांनी मतांविषयी लिहिले नाही, मी लिहितो. मोबाइलवर मते घेतलीत तर ज्या मंडळाच्या गावात घरे जास्त, त्याचा नट जिंकणार. हल्ली ट्रिकसीनची नाटके चालतात, राक्षस वरून उतरतो, धूर होतो. लोकांना ते आवडते, माझे काही म्हणणे नाही. पण मते त्या धुराला पडतील.

चौथी आणि शेवटची. पुरस्कार द्यायचा तर कधी देणार? हंगामात आम्ही रोज वेगळ्या गावी असतो. कार्तिकापासून ते पावसाच्या तोंडापर्यंत एक रात्र मोकळी मिळत नाही. सकाळी झोपतो, दुपारी उठून पेटारा टेम्पोत चढवतो. समारंभ हंगामात ठेवलात तर त्या नटाची एक नाईट बुडेल, आणि त्याच्यावाचून मंडळाचाही खोळंबा होईल. पावसाळ्यात ठेवा. आणि दया करून त्याला व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवर पुढाऱ्यांची भाषणे संपेपर्यंत बसवून ठेवू नका. मागे एका गावात आमच्या एका वयस्क नटाला असेच अडीच तास बसवले. शाल हातात आली तोवर मंडप रिकामा झाला होता.


वेंगुर्ल्याचा मास्तर:

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. पायपेटी यांचे लिहिणे मी काल बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. दीड वाजता उठून जाणाऱ्या परीक्षकांचा उल्लेख आला तेव्हा आमच्या मानकऱ्यांपैकी दोघे जमिनीकडे पाहत होते.

एक शंका राहते. जोडीने विणलेल्या नाटकात एकालाच निवडणे योग्य आहे का? आणि नेपथ्य यांनी सांगितल्याप्रमाणे प्रकार पाडायचे, म्हणजे राजपार्ट वेगळा, स्त्रीपार्ट वेगळा, वादक वेगळे, तर पाच लाखांच्या व्याजाचे तुकडे होऊन प्रत्येकाच्या हाती शाल आणि नारळच पडेल. सात टक्के व्याज धरले तरी वर्षाला पस्तीस हजार होतात, आणि समारंभाचा खर्च त्यातूनच जायचा आहे.


नेपथ्य (रत्नागिरी):

पायपेटी यांच्याशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. संहिता तयार असली म्हणून नट एकट्याने मोजता येतो, असे नाही. बोदिल इप्सन आणि पौल रॉयमर्ट ही राजेशाही रंगभूमीवरची गाजलेली जोडी होती. आज मात्र एका पुरस्काराला तिचे नाव आहे आणि दुसऱ्याला त्याचे. समोरच्याच्या तोलावर नट उभा राहतो, हे तिकडेही तितकेच खरे आहे. तरीही ते एकेकाला निवडतात, कारण मान कोणाला तरी एकाला नावानिशी द्यावा लागतो. ‘सर्वांना’ दिलेला मान कोणालाच आठवत नाही.

मास्तरांच्या शंकेवर माझे उत्तर असे की प्रकार पाडू नका, फिरवा. एका वर्षी राजपार्ट, दुसऱ्या वर्षी स्त्रीपार्ट, तिसऱ्या वर्षी संकासुर, नारद किंवा विनोदी पात्र, चौथ्या वर्षी पेटी अथवा पखवाज. रक्कम एकसंध राहील. परीक्षकही त्या वर्षी एकाच गोष्टीकडे नीट पाहतील. चार गोष्टी एकदम पाहणारा कोणतीच धड पाहत नाही. डेन्मार्कमध्ये असे फिरवत नाहीत, ही माझी सूचना आहे.

परीक्षक तीन असावेत. एक जाणता रसिक, म्हणजे बोदिलवाल्या समीक्षकांच्या जागी. एक निवृत्त दशावतारी नट, रॉबर्टवाल्या सहकाऱ्यांच्या जागी. तो सध्या कोणत्याही मंडळात नसावा. तिसरा तालुक्याबाहेरचा, ज्याची इथे सोयरीक नाही. दर तीन वर्षांनी तिघेही बदलावेत. आणि संपूर्ण प्रयोग पाहिल्याशिवाय कोणाही नटाबद्दल मत नोंदवता येणार नाही, ही अट लिखित असावी.


हर्णैचा चीफ:

सरांच्या तीन परीक्षकांवर माझी हरकत नाही. दात्याच्या मुलाला मात्र पूर्ण बाहेर ठेवू नये, असे मला वाटते. त्याला न्यासाच्या विश्वस्तांत घ्या, हिशेब त्याच्यापुढे येऊ देत, समारंभात मानचिन्ह त्याच्या हातून दिले जाऊ दे. निवडीच्या खोलीत मात्र त्याची खुर्ची नको, मामांची तर नकोच नको. जहाजावरही मालकाचा माणूस डेकवर फिरतो, चहा पितो, प्रश्न विचारतो. इंजिनाच्या कळीला हात लावत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी १९५० च्या अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. थोडा वेळ आणि फेऱ्या लागतात. एखादी जुनी, नोंदणी झालेली वाचनालयासारखी संस्था गावात असेल तर तिच्याकडेच ठेव सोपवून वेगळे खाते ठेवता येते का, हे चांगल्या वकिलाला विचारा. पाच लाखांसाठी नवा न्यास उभारून दरवर्षी लेखापरीक्षकाची फी भरण्यापेक्षा ते परवडेल.


पायपेटी:

फिरवण्याची कल्पना मान्य. चौथ्या वर्षी पेटीची पाळी येणार असेल तर मी आता या चर्चेतून बाहेर पडतो, नाहीतर मामांसारखे माझ्यावर बोट येईल.

जाण्याआधी एक सांगतो. परीक्षकांना जागे ठेवायचे तर त्यांना पुढच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवू नका. तिथे चहा येतो, लोक नमस्कार करायला येतात, आणि लाउडस्पीकर कानाशी असतो. पखवाजाच्या बाजूला, मंचाच्या उजव्या कोपऱ्यात बाकडे टाका. तिथून नटाचा चेहरा तर दिसतोच, पण त्याची बारी नसताना तो समोरच्याचे ऐकतो की नाही तेही दिसते. आणि येणार असल्याचे मंडळाला आधी कळवू नका. कळले की त्या रात्री प्रत्येकाचे भाषण वीस मिनिटे लांबते.


वेंगुर्ल्याचा मास्तर:

कालच्या बैठकीचा वृत्तांत थोडक्यात देतो. ठेव गावातील वाचनालयाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्यास मुलाने संमती दिली आहे. वेंगुर्ल्यातील एका वकिलांकडे आम्ही सोमवारी जाणार आहोत. अर्ज आणि मोबाइलवरील मते, दोन्ही सूचना मागे घेण्यात आल्या. मानकऱ्यांना निवडीऐवजी समारंभाच्या दिवशी देवाचा प्रसाद देण्याचा मान द्यायचा, यावर बरीच कुरकुर झाली, पण शेवटी ते राजी झाले. मामा बैठकीला आले नव्हते.

पहिले वर्ष कशाचे यावर मात्र अनपेक्षित मतभेद झाला. बहुतेकांचा कल राजपार्टाकडे होता. तेव्हा मुलाने, जो आतापर्यंत गप्प होता, एक गोष्ट सांगितली. वडील बोटीवरून घरी फोन करीत तेव्हा जत्रेची चौकशी करताना कोणता राजा कोणी केला हे कधी विचारत नसत. यंदा संकासुर कोण होता, एवढेच विचारत. त्यामुळे पहिल्या वर्षी संकासुर ठरला आहे.

आता तिसरा, तालुक्याबाहेरचा परीक्षक शोधायचा आहे. नेपथ्य सर, आपल्याला विनंती करण्याचे धाडस करतो. कार्तिक ते फाल्गुन या काळात किमान बारा जत्रा, पूर्ण रात्र. राहण्याची सोय माझ्या घरी, आणि बाकड्यावर ठेवायला एक उशी मी स्वतः घेऊन येईन.